दुसरी डिस्क घाला

खेळ कुठेच अडला नाही, याचं मला मनातून कौतुक वाटत होतं. काळ्या पडद्यावर हिरव्या रेषांचं बेट उगवलं, किनारा मागे पडला, जंगल आलं, भुयार आलं. ‘दुसरी डिस्क घाला’ ही मूळ खेळातली इंग्रजी ओळ मात्र एकदाही उमटली नाही. ती मीच काढून टाकली होती.

आई खुर्चीत बसली होती. डोक्यावर बारीक जाळीची टोपी, समोर जुन्या घडणीचा कीबोर्ड आणि त्यावर तिचे दोन्ही हात. ते मीच उचलून तिथे ठेवले होते. दुसऱ्या कीबोर्डवरून मी खेळ पुढे नेत होते, मधेच थांबत होते, आता ती एखादी कळ दाबेल म्हणून वाट बघत होते. हात ठेवले तसेच राहिले. भुयार संपलं, शेवटचं चित्र आलं, आणि डॉ. पेणकरांनी आपल्या पडद्यावरून नजर काढली.

“नाही, रेवा. काहीच नाही. सरळ रेघ आहे.”

“परत एकदा करू या?”

“आज नको. त्या दमल्यात.”

आई दमल्यासारखी दिसत नव्हती. कशासारखीच दिसत नव्हती. गेले आठ महिने ती एक शब्दही बोलली नव्हती, आणि मला ओळखेनाशी झाली त्याला तर वर्ष उलटून गेलं होतं.

माझा धंदा जुने खेळ दुरुस्त करण्याचा. पुण्यात आमचं एक छोटं संग्रहालय आहे, तिथे गेल्या शतकातले संगणकी खेळ, पत्रं लिहायचे प्रोग्रॅम, शाळेतले पाढे शिकवणारे प्रोग्रॅम असं सगळं जपून ठेवतो. मूळ डिस्का बहुतेक कुजून गेल्या. त्या कुजायच्या आधी जगभरच्या हौशी लोकांनी त्यांच्या फायली करून, आवळून बांधून ठेवल्या, त्यातल्या हजारो माझ्या हाताखालून गेल्या आहेत. एखादी चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला जेवण जात नाही. आई चांगली होती तेव्हा म्हणायची, “ही देवळात गेली तर मूर्तीचं नाक सरळ करून येईल.”

त्यामुळे डॉ. पेणकरांनी मला ‘खिडकी’बद्दल सांगितलं तेव्हा मला वाटलं, हे काम देवानं माझ्यासाठीच राखून ठेवलं होतं.

खिडकी म्हणजे काय ते सांगते. नावं, चेहरे, काल कोण भेटलं, हे मेंदूच्या ज्या भागात साठतं तो या आजारात आधी ढासळतो. सायकल चालवणं, पेटीवर बोटं फिरवणं, सुईत दोरा ओवणं ही हातांची स्मृती निराळ्या जागी, पार तळाशी असते आणि ती फार उशिरा जाते. इतकं जुन्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. नवं एवढंच, की हात आपल्या जुन्या कामाला लागले की मेंदूच्या तळाशी एक लय उमटते. ती लय टोपी पकडते आणि विजेच्या अगदी हलक्या ठोक्यांनी तीच लय वरच्या, झोपी गेलेल्या भागाला ऐकवते. गाढ झोपेतलं माणूस ओळखीच्या हाकेनं जागं होतं, तसा तो भाग थोडा वेळ जागा होतो. माणूस बोलतं, हसतं, नावानं हाका मारतं. मग खिडकी मिटते.

अट एकच. काम असं हवं की ज्यात हात आणि लक्ष दोन्ही एकाच जागी होते, आणि त्याची लय जशीच्या तशी परत उभी करता यायला हवी. एका म्हाताऱ्या शिंप्याला त्याच्या मशीनवर बसवलं तर त्यानं घरातल्या सगळ्यांना ओळखलं होतं, कारण त्यानं तेच काम सत्तरीपर्यंत केलं होतं. आईच्या हातात आम्ही खडू दिला, कारण तिनं तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पोळपाट-लाटणं दिलं. उपयोग झाला नाही. फळ्यावर लिहिताना तिचं लक्ष पोरांवर, आणि पोळ्या लाटताना बाई जगभराचा विचार करत असते, तिथे लक्ष कुठलं असायला!

मग मला तो खेळ आठवला. आजोबा, म्हणजे आईचे वडील, मालवाहू जहाजावर इंजिनाचं काम करायचे. सत्याऐंशी साली त्यांनी सिंगापूरहून एक संगणक आणला, नामांकित यंत्राची तिथल्या गल्लीत केलेली नक्कल, आणि सोबत नक्कल केलेले खेळ. अख्ख्या रत्नागिरीत तेव्हा कोणाच्या घरी असलं काही नव्हतं. त्यातल्या बेटाच्या खेळाला मामा आणि आई ‘कंदिलाचं बेट’ म्हणायचे. आई तेरा वर्षांची होती. “आम्ही दोन वर्षं दुसरं काही केलं नाही,” असं ती मला सांगायची, आणि सांगताना तिचे डोळे लकाकायचे.

तो खेळ मला आवळलेल्या फायलींमध्ये सापडला. पण किनाऱ्यानंतर तो ‘दुसरी डिस्क घाला’ म्हणायचा आणि दुसरी घातली तरी तेच म्हणत राहायचा.

हे दुखणं मला पाठ आहे. त्या काळच्या डिस्कवर मजकुराच्या प्रत्येक तुकड्याआधी एक लहानसा मथळा असायचा आणि त्यात डिस्कचा क्रमांक. खेळ तीन डिस्कांचा असला की प्रोग्रॅम तो क्रमांक वाचून आत कोणती डिस्क आहे ते ओळखायचा. पुढे लोकांनी डिस्का आवळून फायली केल्या तेव्हा आवळणाऱ्या प्रोग्रॅमनं मजकूर नीट घेतला आणि क्रमांक बिनमहत्त्वाचा समजून सगळीकडे एकच ठोकून दिला, दोनशे चोपन्न. पुस्तकाची पानं सगळी आहेत, पण तिन्ही भागांच्या पाठीवर एकच आकडा, असा प्रकार. खेळ दोन शोधतो, त्याला दोनशे चोपन्न दिसतो, तो परत मागतो.

यावर दोन उपाय. एक, फाईल उघडून प्रत्येक डिस्कचा खरा क्रमांक घालायचा आणि शेवटी असलेली पडताळ्याची बेरीज नव्यानं मांडायची, नाहीतर फाईल खराब म्हणून उघडतच नाही. दुसरा, खेळाचं विचारणंच काढून टाकायचं आणि तिन्ही डिस्का एकात जोडायच्या. मी दुसरा उपाय केला. आजारी बाईला मधेच डिस्क बदलायला लावायचं म्हणजे तंद्री मोडायची, असा माझा शहाणा विचार.

मामा दोन दिवसांनी रत्नागिरीहून आला. दिगंबर मयेकर, वय वर्षं शहात्तर, हातात काठी आणि पिशवीत बहिणीसाठी कुळथाचं पीठ. ती आता स्वतःच्या हातानं जेवत नाही, हे त्याला माहीत असूनही. डॉक्टरांच्या परवानगीनं तो दुसऱ्या प्रयत्नाला आत आला आणि दारातच थबकला.

“हिला थंय कशाला बसवलंय?”

“खेळायला, मामा.”

“ती माझी जागा गो. ही कधी खेळली? कीबोर्डाला हात नाय लावू दिला कोणी तिला. आप्पा म्हणायचे, मुलीच्या जातीला कशाला, मोडून ठेवील. ही इथं बसायची,” त्यानं टेबलाच्या उजव्या कडेला काठी टेकवली, “डिस्का बदलायला. तेवढं एकच काम तिचं.”

मी आईच्या हातांकडे पाहिलं. कधीच न शिवलेल्या कळांवर मी ते जबरदस्तीनं ठेवले होते. मला इतकी लाज वाटली की मी डॉ. पेणकरांकडे बघायचं टाळलं. पण त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

“म्हणजे त्यांचं सगळं लक्ष त्या एका क्षणावर असणार,” त्या म्हणाल्या. “डिस्क मागितली जाण्याच्या. आणि तोच क्षण आपण काढून टाकला.”

मी रात्रंदिवस काम केलं असं नाही. काम तासाभराचं होतं. खेळाचं विचारणं परत घातलं. कोणत्या डिस्कला कोणता क्रमांक हवा ते प्रोग्रॅममध्येच लिहिलेलं असतं, ते वाचून किनाऱ्याला एक, जंगलाला दोन, भुयाराला तीन असे क्रमांक दिले, पडताळ्याच्या बेरजा जुळवल्या. संग्रहालयातला डिस्क घालायचा जुना डबा आणला, त्याची पुढची खटक्याची झडप, आतली खरखर, सगळं तसंच ठेवलं. चौकोनी काळ्या डिस्का केल्या, त्यांना कागदी पाकिटं, वर आकडे.

मामा कीबोर्डवर बसला. आई उजवीकडे. किनारा संपला, डबा खरखरला आणि पडद्यावर ओळ आली, दुसरी डिस्क घाला.

आईचा हात उठला.

कोणी काही सांगितलं नव्हतं. तो हात पाकिटांवरून गेला, एक डिस्क ओढली, झडप उघडली, जुनी काढली, नवी सरकवली, झडप लावली. डॉक्टरांच्या पडद्यावरची रेघ डोंगरासारखी वर चढली.

डबा खरखरला. पडद्यावर परत तीच ओळ. दुसरी डिस्क घाला.

आईनं घातलेली डिस्क तीन नंबरची होती. तिनं ओळीकडे पाहिलं, हात मांडीवर घेतला आणि खांदे आकसून घेतले, ओरडा बसणार असल्यासारखे. रेघ खाली आली. हाका मारल्या तरी तिनं मान वर केली नाही.

“चुकली,” मी म्हटलं. “हातालाही आठवत नाही तिच्या.”

मामानं काठीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाला, “नाय गो. ती नाय चुकली. आमच्याकडं दोन मागितली की तीन घालायची. तसंच होतं आमचं.”

“तसं कसं असेल? तीनमध्ये भुयार आहे. आधी जंगल, मग भुयार.”

“आमच्याकडं आधी भुयार. जंगल शेवटी.”

“पण कंदील जंगलात मिळतो, मामा. कंदिलाशिवाय भुयारात दिसणार काय?”

“कायच नाय दिसायचं. काळाकुट्ट पडदा. आपटलं की पीक करून वाजायचं. अंधारातच खेळायचो आम्ही. कंदील मिळायचा तेव्हा खेळ संपत आलेला असायचा. आम्हाला वाटायचं, खेळ तसाच आहे.”

मला हसू आलं आणि पाठोपाठ डोळेही भरून आले. सिंगापूरच्या गल्लीतल्या त्या नक्कल करणाऱ्या दुकानदारानं दोन डिस्कांच्या आतले क्रमांक एकमेकींवर टाकले होते, पाकिटांवरचे आकडे मात्र बरोबर होते. भुयाराच्या डिस्कच्या मथळ्यात दोन, जंगलाच्या डिस्कच्या मथळ्यात तीन. खेळ बिचारा क्रमांक बघायचा आणि भुयार उघडायचा. रत्नागिरीतल्या त्या एका घरात जगाहून उलटा खेळ चालला होता, आणि दोन पोरांनी दोन वर्षं तोच खरा मानला होता.

“मग अंधारात वाट कशी कळायची तुला?”

“मला कुठची कळायला? हर्षू सांगायची, तुझी आई. डावीकडं, सरळ, आता उजवीकडं. तिला सगळी वळणं तोंडपाठ. मी नुसत्या कळा दाबायचो.” आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “गल्लीत सांगताना मात्र मी जिंकलो म्हणून सांगायचो.”

चूक दुरुस्त करणं मला येतं. ठरवून चूक करायला मात्र हात वळेना. भुयाराच्या फायलीत दोन लिहिलं, जंगलाच्या फायलीत तीन, बेरजा मांडल्या आणि फाईल बंद करायच्या आधी उगीच तीनदा तपासलं. चुकीचं बरोबर लिहिलंय ना, ते.

या वेळी आईनं तीन नंबरची डिस्क घातली, डबा खरखरला आणि पडदा काळा झाला. मामानं एक कळ दाबली. दुसरी दाबली. पीक असं वाजलं.

“डावीकडं,” आई म्हणाली.

तिचा आवाज गंजलेला होता, पण शब्द स्वच्छ होता. मामाचा हात डावीकडच्या कळेवर गेला.

“आता सरळ. सरळ रे दादा, थांबतोस काय? अजून सरळ. आता उजवीकडं. हां.” ती पडद्याकडे झुकली होती. “तुझा घसा बसलाय काय? काल समुद्रावर गेलास ना? आप्पांना सांगणार हाय मी.”

“नको सांगू,” मामा म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मी पुढे गेले. किती पुढे गेले ते मला कळलं नाही. मी तिच्या आणि खोलीच्या खिडकीच्या मधे उभी होते. तिनं मान वळवली, माझ्याकडे नीट, पूर्ण डोळे उघडून पाहिलं. एका वर्षात तिनं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

“काकू,” ती म्हणाली, “जरा बाजूला व्हा ना. उजेड अडतोय.”

मी बाजूला झाले.

डॉ. पेणकरांनी मला नंतर त्यांच्या खोलीत बसवून सगळं सांगितलं, आणि साखरेत न घोळवता सांगितलं. खिडकी ज्या वयाच्या लयीनं उघडते त्याच वयावर उघडते. त्या शिंप्याचं नशीब, की त्याचे हात म्हातारपणापर्यंत चालत राहिले. आईची खिडकी तेराव्या वर्षावर होती. तिच्यासाठी लग्न झालं नव्हतं, शाळेची नोकरी नव्हती, मी नव्हते. खिडकी अशीच उघडझाप करत राहिली तर ती वाट झिजते, आणखी थोड्या वेळा उघडेल आणि कायमची बंद होईल. त्याआधी मेंदूत तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र बसवलं, तर ती उघडी राहू शकते.

“कायमची तेरा वर्षांची?”

“तेरापासून पुढे. नवं त्या शिकतील, लक्षात ठेवतील, चौदा वर्षांच्याही होतील. मागचं जे त्यांच्या तेराव्यानंतरचं, ते मात्र कधीच येणार नाही. यंत्र त्या वाटेवरूनच जातं, बाकीच्या वाटा सुटतात.”

“आणि आरशात बघितल्यावर?”

“घाबरतील. मग हळूहळू सांगायचं, तू आजारी होतीस, खूप वर्षं गेली. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर मानतात, असा अनुभव आहे.” त्यांनी एक कागद काढून टेबलावर ठेवला. “जवळचं नातेवाईक म्हणून सही तुमची लागेल. मी घाई करणार नाही, पण वेळ फार नाही.”

व्हरांड्यात मामा बाकावर बसला होता. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, “कर सही.”

“तुला सोपं आहे, मामा. तुला बहीण मिळते. मला आई मिळत नाही.”

“नाय मिळत,” तो म्हणाला. “खरं हाय.”

त्यानं वाद घातला असता तर बरं झालं असतं. मीच मग तणतणत राहिले. जिनं रात्री जागून माझ्या प्रयोगवहीतल्या आकृत्यांचे कोपरे सरळ केले, बाबा गेल्यावर जिनं एकटीनं मला वाढवलं, ती बाई पुसून टाकायच्या कागदावर मी सही करायची? आणि कशासाठी, तर एक पोरगी मला काकू म्हणणार म्हणून?

मामानं सगळं ऐकून घेतलं. “ती बाई आता कुठं हाय गो?” त्यानं विचारलं. “मला दाखव. मी तिला विचारतो.”

मी त्या दिवशी त्याच्याशी परत बोलले नाही. घरी जाऊन आईचं कपाट उघडलं, तिच्या साड्यांच्या घड्यांत तोंड खुपसून रडले आणि ठरवलं की सही करायची नाही. ती माझी आई म्हणूनच जाईल. निदान तेवढं माझं राहील. पण खिडकी आणखी एकदा उघडायचं आधीच ठरलं होतं, आणि मामाला मी तिला भेटू दिलं नसतं तर तो अन्याय झाला असता.

त्या सकाळी एक डाव पुरा झाला, खिडकी उघडली, आणि दुसऱ्या डावाचा किनारा अर्धा झाला तसा मामा उठला. “हर्षू, मी चाय पिऊन येतो. बस.” जाताना माझ्याकडे बघितलंही नाही त्यानं. दार लोटून घेतलं.

आई रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. मग दाराकडे. मग माझ्याकडे.

“काकू, तुम्हाला खेळता येतं?”

“नाही.” हे खोटं होतं.

“मला येतं. बघून बघून येतं. पण हात लावला की दादा बोंबलतो.”

“तो चहाला गेलाय,” मी म्हटलं. “त्याला वेळ लागेल.”

तिनं ओठ दातांत धरला. मग टेबलाच्या कडेवरून हात सरकवत सरकवत ती खुर्ची बदलून बसली. एक बोट पुढे केलं आणि कळ दाबली. पडद्यावरचा लहानसा माणूस एक पाऊल चालला. आई दचकली, हसली, परत दाबली. डॉक्टर आपल्या पडद्यापाशी उभ्या राहून बघत होत्या. किनारा संपला. डबा खरखरला आणि ओळ आली.

“घाला ना,” ती म्हणाली. “डिस्क तुम्ही घालायची.”

मी दोन नंबरची डिस्क उचलली. इतकी वर्षं हेच करत आले, दोन मागितली की दोन. सरकवली, झडप लावली. ओळ परत आली.

“अयाई गं!” आईनं कपाळावर हात मारला. “उलट्या हायत त्या. दोन म्हणलं की तीन द्यायची. असू दे, दादाला पण पहिल्यांदा कळलं नव्हतं.” तिनं माझ्या हातातून डिस्क घेतली नाही. माझा हातच धरला. “इथं, कडेला धरायची. त्या फटीला बोट लावायचं नाय, मिटून जातं सगळं. आता हळू. हां. आता झडप.”

तिच्या तळव्याची ऊब माझ्या हातावर होती. पडदा काळा झाला आणि आई एकटी भुयारात शिरली. एकदाही आपटली नाही. वळणं मोठ्यानं म्हणत, मान हलवत, स्वतःला शाबासकी देत ती त्या टोकाला बाहेर पडली, आणि तिनं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. माझ्या आईला मी चव्वेचाळीस वर्षांत असं ओरडताना पाहिलं नव्हतं. तिला एवढा आनंद कधी झाला होता का, तेही मला आठवेना.

“त्या शिकल्या,” डॉ. पेणकर हळूच म्हणाल्या. “कळा दाबायला आत्ता शिकल्या. बघितलंत?”

मी बघितलं होतं. दार उघडून बाहेर गेले. मामा दारालाच टेकून उभा होता, चहा वगैरे काही प्यायला नव्हता. मी त्याच्यासमोर सही केली.

यंत्र बसवलं त्यानंतरची पहिली सकाळ. आईच्या डोक्याला पट्टी होती आणि हात पांघरुणाखाली होते. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. डॉक्टर ते येत्या दिवसांत, थोडं थोडं करून सांगणार होत्या. मामा खुर्चीत पेंगत होता. मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते आणि ती मला न्याहाळत होती.

“काकू, तुम्ही रोज येता. तुमचं नाव काय?”

“रेवा.”

“रेवा.” तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. “आमच्या वर्गात कोणाचंच नाय असं. तुमच्या आत्यानं ठेवलं?”

“आत्या दुसरंच ठेवणार होती. बारशाला सगळे जमले होते, आत्या पाळण्यापाशी वाकलीसुद्धा. पण आईनं ऐकलं नाही. म्हणाली, नाव मी ठरवलंय.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

“भारीच हाय तुमची आई.” ती उशीवर मागे टेकली. आढ्याकडे बघत काहीतरी ठरवत राहिली, आणि मग परत माझ्याकडे वळली. “मला मुलगी झाली ना, तर मी पण रेवाच ठेवणार. तुम्हाला चालेल ना, काकू?”

“चालेल,” मी म्हटलं, आणि तिला पाणी पाजलं.